मामांची सकाळची साखर

लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा सासरी माझ्या वाट्याला कोणकोणती कामं येतील याचा मी बराच अंदाज बांधून ठेवला होता. भाकऱ्या थापणं येईल, ताक घुसळणं येईल, पेढीवरच्या गाद्यांच्या पिवळ्या झालेल्या खोळी धुणं येईल. सासऱ्यांची लघवी तपासणं येईल हे मात्र मला आईनेही सांगितलं नव्हतं.

कारण अगदी साधं होतं. मी मॅट्रिक होते आणि त्या घरात दुसरं कोणी मॅट्रिक नव्हतं. आमचे हे इंग्रजी शाळेला लवकरच रामराम ठोकून हळदीच्या पेढीवर जाऊन बसलेले. मॅट्रिकला सायन्स असतं, सायन्समध्ये काचेच्या नळ्या असतात, म्हणजे सूनबाईला नळीत काहीही उकळता येणार, असा निकाल सासऱ्यांनी परस्पर लावला होता. आमच्या साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत सायन्सच्या तासाला मास्तर स्वतः नळी धरायचे आणि आम्ही लांबून बघायचो, हे मी सांगायला गेले तर आमचे हे म्हणाले, "आता घरात तरी धर. कोन नको म्हनतंय?"

आमच्या भागात आम्हा जैनांच्या घरी सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्ती. मामा हळदीचे जुने अडते. शेतकऱ्याचा माल घ्यायचा, व्यापाऱ्याला दाखवायचा, सौदा जुळवायचा, असा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकती संपली होती, आणि संपता संपता मामांना मधुमेहाने गाठलं होतं. गोळ्या, काढे, कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, सगळं करून झाल्यावर सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांना इन्सुलिनच्या सुया सुरू केल्या. सकाळी एक आणि संध्याकाळी एक.

औषध कशापासून बनतं हे मामांनी डॉक्टरांना एकदाच विचारलं होतं. ते जनावरांपासून काढतात हे जैनाला कसं सांगावं म्हणून डॉक्टर जरा चाचरले आणि म्हणाले, "विलायतेहून येतं." मामांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा तो प्रश्न काढला नाही. आत्तींनी मात्र त्याच दिवसापासून तूप सोडलं. नवऱ्याच्या वाट्याचं प्रायश्चित्त त्यांनी आपल्या अंगावर घेतलं, असं मी समजले.

सुई टोचायचं काम आमच्या ह्यांच्याकडे होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी एखाद्या फळावर हात बसवा. ह्यांनी काकड्या निवडल्या. सुईत पाणी भरून ते आठवडाभर काकड्यांना टोचत बसले, आणि आठवडाभर आम्ही दोन्ही वेळा काकडीची कोशिंबीर खाल्ली. मामा ते सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "काकडी वरडत न्हाई म्हनून तुला सोपं वाटतंय."

माझं काम सकाळचं. न्हाणीच्या मागे, गाईच्या गोठ्याला लागून एक कट्टा होता, तिथे माझी प्रयोगशाळा. ते सामान स्वयंपाकघराच्या आसपास आणायला आत्तींची सक्त मनाई होती. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थोडे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी आहे. पुढे पिवळं, मग नारिंगी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटकरी. त्या काळात साखर रेशनवर होती. सगळी सांगली साखरेसाठी रांगेत उभी आणि आमच्या घरात ती नको तिथून निघत होती.

मामांची नळी रोज सकाळी विटकरी व्हायची. दुपारी तपासली तर हिरवट, कधी कधी चक्क निळी. संध्याकाळी ठीक. सकाळी मात्र विटकरी.

मामा हे मान्य करायला तयार नसत. रंग ओळखण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. हळकुंड मोडून आतला रंग बघून ते कुठल्या गावचं, कुठल्या मातीतलं, हे सांगायचे. सुनेने येऊन आपल्याला रंग शिकवावा हे त्यांना कसं चालणार? मी नळी घेऊन गेले की ते ती हातात घेत, दारात जाऊन उन्हाला धरत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "ही विटकरी न्हवं पोरी. जुनं हळकुंड आतनं असंच दिसतंय. नारिंगी धर."

"मामा, विटकरी आहे."

"बरं, नारिंगी आनि विटकरीच्या मधलं धर. तुजं बी न्हाई, माजं बी न्हाई."

माल समोर असला की भाव पाडायचाच, ही सवय त्यांना नळीसमोरही सोडवत नव्हती. पहिले काही दिवस मी मिळतं घेतलं. मग माझं डोकं फिरायला लागलं आणि मी डॉक्टरांनी दिलेला रंगांचा कागदच त्यांच्या नाकासमोर धरायला लागले. त्यावर ते म्हणाले, छापणाऱ्याची शाई खराब आहे.

डॉक्टरांकडेही तीच तऱ्हा. सांगलीच्या हळदीच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. अडत्या आणि व्यापारी हातावर उपरणं टाकतात आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. विटकरी रंग आला म्हणून डॉक्टर संध्याकाळचं औषध वाढवायला निघाले तेव्हा मामांनी सवयीने उपरणं काढलं, डॉक्टरांच्या हातावर टाकलं आणि आत त्यांची दोन बोटं धरली. डॉक्टर दचकले. त्यांना वाटलं, पेशंटला झटका आला. आमचे हे वडिलांना अण्णा म्हणत. ते मागून म्हणाले, "अण्णा, हे औषध हाय, हळद न्हाई." मामा म्हणाले, "असंना का. वाढवायचं तर ठरवून वाढवायचं." डॉक्टरांनी हात सोडवून घेतला आणि चार युनिट वाढवले.

वाढवूनही सकाळी विटकरीच. डॉक्टर म्हणाले, रात्रभर साठलेल्या लघवीत मागची साखर असते, तेव्हा सकाळी उठल्यावर आधी एकदा जाऊन या, थोड्या वेळाने पुन्हा द्या आणि ती दुसरी तपासा. मामांना हे फारच लागलं. "एकदा दिली ती घ्यायची न्हाई आनि दुसरी मागायची. डाक्टरला वाटतंय माज्याकडं आड हाय." तरी पाण्याचे दोन तांबे पिऊन, कपाळाला आठ्या घालून, त्यांनी दुसरी दिली. मी उकळली. तीही विटकरी.

डॉक्टरांनी पुन्हा संध्याकाळचं औषध वाढवलं. पुन्हा विटकरी. आणखी वाढवलं. आता नळीत भाजलेल्या कौलाच्या चुऱ्यासारखं काहीतरी तळाशी बसायला लागलं. एक दिवस डॉक्टरांनी हातातला टाक खाली ठेवला आणि मामांकडे न बघता, माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, "रात्री काहीतरी खातात हे."

हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या बाबतीत उच्चारलं असतं तर माणूस हसला असता, फार तर कान धरले असते. मामांच्या बाबतीत ते वाक्य म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. ऐन तारुण्यात मामांनी मुनिमहाराजांसमोर नेम घेतला होता, सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही आणि पाण्याचा थेंब नाही. घरात आम्ही सगळेच दिवस असतानाच जेवत असू, दिवेलागणीला आमची ताटं धुऊन पालथी पडलेली असत. पण आमच्यातलं कोणी कधी तहान लागली म्हणून रात्री पाणी पीत असे. मामा पीत नसत. तापात असतानाही प्याले नव्हते. आणि बाजारात मामांचा शब्द चालायचा. पोत्यात हात न घालता लोक त्यांच्या सांगण्यावर माल उचलायचे. म्हणजे डॉक्टरांनी एका वाक्यात त्यांचा धर्मही काढून घेतला आणि धंदाही.

मामा उठून टांग्यात जाऊन बसले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "मी काय बी खात न्हाई."

"न्हाई खात तर येतंय कुठनं?" आमचे हे म्हणाले. तोंडातून गेलं आणि मग त्यांनाही कळलं की जायला नको होतं.

त्या रात्रीपासून आमच्या ह्यांनी स्वयंपाकघराला कुलूप लावलं. गुळाची ढेप पेढीवर नेऊन ठेवली. शेंगदाण्याचा डबासुद्धा माळ्यावर गेला. आत्ती काही बोलल्या नाहीत, हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. मामांवर कोणी आवाज चढवला तर एरवी त्या ताडकन उठायच्या. आणि सकाळ झाली की मी नळी उकळायची, ती विटकरी व्हायची, आणि मी ती मामांपुढे नेऊन धरायची. आता ते तिचा भाव करत नसत. एकदा बघत आणि मान फिरवत. मला त्या नळीचा इतका संताप यायचा की एखाद्या दिवशी ती दगडावर आपटावी असं वाटायचं. माणूस म्हणतोय मी खाल्लं नाही आणि काचेचा तुकडा रोज सकाळी उठून म्हणतोय खाल्लं.

गोष्ट बाहेर फुटायला वेळ लागला नाही. डॉक्टरांचा कंपाउंडर बाजारातलाच. सौद्याच्या वेळी कोणीतरी मामांना थट्टेने विचारलं, "काय मालक, रातच्याला लाडू जरा जास्त गोड लागतोय म्हनं?" विचारणारा मित्रच होता आणि त्याला वाटलं मामा हसतील. मामा उपरणं झटकून घरी आले. दुसऱ्या दिवशी बाजारात गेले नाहीत. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जायचे, तेही सगळे येऊन गेल्यावर जायला लागले. देवापुढे जायला त्यांना लाज नव्हती, माणसांची होती.

मग एका सकाळी मी नळी घेऊन गेले तर मामा उन्हात बसले होते. म्हणाले, "पोरी, ती टाकून दे. आजपासून सुई बंद."

"बंद कशी करता येईल मामा?"

"सुई न्हवती तवा मला कोन लबाड म्हनत न्हवतं. सुई आली आनि मी लबाड झालो. साखरंनं मेलो तर चालंल. लबाड म्हनून मराया न्हाई जमायचं."

सुई बंद केली तर काय होतं हे मला पाठ होतं. सुई मिळायच्या आधी असल्या आजारात माणसं कशी खंगून जात याच्या गोष्टी प्रत्येक घरात होत्या. आमच्या ह्यांचं तोंड उतरलं. आत्ती चुलीपुढून उठून दारात आल्या आणि पुन्हा आत गेल्या.

तेव्हा मी, कालपरवा आलेली सून, भलतंच धाडस केलं. म्हटलं, "साताऱ्याला माझ्या माहेरच्या शेजारी डॉक्टर आहेत. मिलिटरीतून आलेत. एकदा त्यांना दाखवू."

मामांनी विचार केला. मग सौदा करावा तसं म्हणाले, "एकदा. त्यो बी म्हनला की ह्यो म्हातारा चोरून खातोय, तर तिथंच सुई टाकून परत यायचं. पुन्यांदा कोनी नाव काढायचं न्हाई. कबूल?"

कबूल म्हणण्यावाचून इलाज नव्हता. मामांचा जीव आता साताऱ्याच्या एका डॉक्टरच्या जिभेवर होता, आणि तो डॉक्टर माझ्या माहेरचा. उलटं झालं असतं तर माझं पुढचं सगळं आयुष्य त्या घरात कसं गेलं असतं ते मी गाडीत बसल्यापासून डोळ्यांपुढे आणत होते.

आम्ही चौघं साताऱ्याला गेलो. आगगाडी, मग स्टेशनपासून मोटार. माझ्या आईने मामांसाठी उन्हं असतानाच स्वयंपाक केला. माझे वडील शाळामास्तर, त्यांना व्याह्यांशी काय बोलावं सुचेना, तेव्हा त्यांनी मामांना अजिंक्यतारा दाखवला. मामांनी तो बघितला आणि पुन्हा ताटाकडे वळले.

सकाळी डॉक्टरांकडे न्यायला लघवी बाटलीत भरायची होती. आईने मोठ्या हौसेने एक सुंदर बाटली आणून दिली. मी बूच काढून वास घेतला तर लिंबाच्या सरबताचा पाक! त्या बाटलीतून नेली असती तर डॉक्टरांच्या नळीत साखर कारखानाच निघाला असता. मी किंचाळलेच. आई म्हणाली, "धुतलीय गं मी." मी ती बाटली पुन्हा धुतली, उकळली, आणि तरीही शेवटी दुसरीच घेतली. मामा ओट्यावर बसून एकसारखी टोपी काढत-घालत होते, यावरूनच त्यांचं मन कुठे होतं ते कळत होतं.

साताऱ्याचे डॉक्टर उंच, काटकुळे, बोलण्यात मिलिटरीचा खाक्या. त्यांनी नळी केली. विटकरी. मामांचे पाय तपासले, डोळे बघितले. संध्याकाळची सुई किती, म्हणून विचारलं. आमच्या ह्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी आकडा पुन्हा विचारला. मग मामांकडे वळून म्हणाले, "रात्री काय खाता?"

झालं. मामा उठले. उपरणं खांद्यावर टाकलं, टोपी सारखी केली आणि दाराकडे निघाले. मी "मामा, मामा" करत मागे धावले.

"बसा," असं कोणीतरी म्हणालं.

आत्ती होत्या. दाराशी भिंतीला टेकून पदर ओढून बसलेल्या. परक्या पुरुषासमोर आत्तींनी तोंड उघडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या मामांना म्हणाल्या, "आवं बसा. मी बोलते." मामा बसले नाहीत, पण थांबले.

आत्ती डॉक्टरांना म्हणाल्या, "त्यांनी काय बी खाल्लं न्हाई. मला ठावं हाय. मी रोज ठिवत हुते."

"काय ठेवत होतात?"

"लाडू. शेंगदान्याचा. पोरानं कुलूप लावायच्या आदी करून ट्रंकंत ठिवलं हुतं. समदी निजली की ह्यांच्या उशाला वाटीखाली ठिवायचे. सकाळी समदी उठायच्या आत बगायचे. तसाच असायचा. मग गाईला घालायचे."

आमच्या गोठ्यातली गाय त्या दिवसांत सकाळी मला बघून का हंबरायची, आणि आत्तींना बघून का जास्त हंबरायची, याचा मला तिथे उलगडा झाला.

आमचे हे ओरडलेच, "आई! डाक्टर नको म्हनतोय आनि तू लाडू ठिवतीस? आनि अण्णांचा नेम?"

"पाप लागलं तर मला लागूंदे," आत्ती म्हणाल्या. "रोज सकाळी ह्यांचं धोतर, बंडी, उशी समदं वलं चिंब असतंय. थंडीत बी. झोपंत हातपाय थरथरत्यात, हळदीचं भाव वरडत्यात. सकाळी डोकं दुखतंय म्हनून बसत्यात. मानूस उपाशी असला की असा घाम सुटतोय, मी उपास करते, मला कळतंय. ह्यांना भूक लागती. पर ह्यो मानूस काय खात न्हाई, साहेब. खाल्लं असतं तर मी एवडी रडले नसते."

डॉक्टर हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी खुर्ची आत्तींच्या दिशेने फिरवली. घाम कधीपासून येतो? संध्याकाळची सुई वाढवली त्यानंतर जास्त येतो का? मामा शेवटचं जेवतात कधी? आत्ती सगळ्याची उत्तरं देत होत्या. आम्ही दोघं मॅट्रिक आणि बिगरमॅट्रिक नुसते बघत उभे होतो.

मग डॉक्टर मामांना म्हणाले, "बसा. तुम्ही काही खात नाही. न खाण्यानेच हे झालंय."

मामा बसले.

डॉक्टरांनी सांगितलं ते मला जसं कळलं तसं सांगते. संध्याकाळची ती सुई रात्रभर काम करणारी. बाकीचे लोक रात्री आठ-नऊला जेवतात, झोपताना दूध पितात. मामा उन्हं असताना जेवणार आणि मग सकाळपर्यंत काही नाही. औषध आपलं रात्रभर साखर खाली ओढत राहणार. ती फार खाली गेली की अंग घाबरतं, घाम सुटतो, आणि जीव वाचवायला शरीर आपल्याजवळ साठवलेली साखर भराभरा बाहेर काढतं. सकाळी नळीत दिसते ती ही साखर. आणि नळी बघून आपण औषध आणखी वाढवतो.

मामा पुढे झुकून ऐकत होते. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात साठवतात, खोल खड्ड्यात, वर माती लिंपून. मामा म्हणाले, "म्हंजे बाजारात माल संपला की आमी पेव फोडतो, तसं."

"अगदी तसं."

"आनि फोडलं की माल आपलाच, पर बगनाऱ्याला वाटतंय चोरीचा."

डॉक्टर आता हसले. त्यांनी संध्याकाळचं औषध निम्म्याहून खाली आणलं, सकाळच्यात थोडी भर घातली आणि उन्हं असतानाच्या जेवणानंतर भरपूर दूध लिहून दिलं. आमच्या ह्यांना हे पटेना. "साखर विटकरी, आनि औषध कमी?" डॉक्टर म्हणाले, "मी म्हणतो तसंच निघेल अशी खात्री देत नाही. इथेच राहा, रोज नळी करा, रोज मला दाखवा. मात्र रात्री घाम फुटला, हात कापायला लागले, तर गूळ खायचा."

"मावळल्यावर न्हाई," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी मामांकडे बघितलं, आत्तींकडे बघितलं, आणि ज्या हुकमी आवाजात ते बहुधा शिपायांना सांगत असतील त्या आवाजात म्हणाले, "मग औषध आणखी थोडं उतरवतो. साखर जरा जास्त राहिली तरी चालेल, खाली जायला नको."

आम्ही माझ्या माहेरी राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी विटकरीच. आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मनातल्या मनात माहेरचा आणि सासरचा दोन्हीकडचा निरोप घेतला. आत्ती मात्र मामांची उशी घेऊन आल्या आणि माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "बग." उशी कोरडी होती.

पुढे नळी नारिंगी झाली. पुन्हा एकदा विटकरी झाली, पुन्हा नारिंगी. डॉक्टरांनी औषध आणखी इकडचं तिकडे केलं. आणि मग एका सकाळी मी आईच्या परसात दिव्यावर नळी धरून बसले असताना ती पिवळी होऊन थांबली, आणि पिवळ्यातून हिरवट झाक आली. मी पळतच मामांकडे गेले. त्यांनी ती उन्हाला धरली, डोळे बारीक केले.

"पिवळी हाय," ते म्हणाले.

"मामा, हिरवी आहे. नीट बघा."

"पिवळी. हिरवं म्हनू नगंस. उगं माज्या बाजूचं सांगू नगंस."

पिवळी तर पिवळी.

त्या दिवशी दुपारी मी आत गहू निवडत होते. बाहेरच्या ओट्यावर मामा आणि आत्ती दोघंच होते. मामांचा आवाज आला, "लाडू कशाला ठिवत हुतीस गं?"

"सांगितलं की डाक्टरला. भुकेसाटी."

मामा म्हणाले, "मला दिसायचा त्यो. घामानं जाग आली की हात वाटीला लागायचा. आत लाडू. मला वाटायचं, ही बी माजी पारख करती. पोरानं कुलूप लावलं आनि हिनं सापळा लावला."

आत्तींच्या बांगड्या वाजल्या. मामा पुढे म्हणाले,

"नेम तर हुताच. पर खरं सांगू? एकदा लय भूक हुती. हातात घेतला हुता. मग म्हटलं, डाक्टरनं लबाड म्हनलं, पोरानं म्हनलं, बाजारानं म्हनलं. सकाळी वाटी उचलून हिनं बी म्हनलं तर मग घरात कुनाकडं बगायचं? म्हनून परत ठिवला."

"आनि मी वाटी उचलून म्हनायचे, आज बी खाल्ला न्हाई, आज बी तसाच निजला." आत्ती म्हणाल्या. "इचारायचं न्हाई व्हय एकदा तरी?"

"तू सांगायचं न्हाईस व्हय?"

मी गव्हाचं सूप तसंच मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी येत होतं आणि हसूही येत होतं. एका उशाशी निजणारी दोन माणसं, मध्ये एक वाटी, आणि एवढ्या दिवसांत दोघांनी एकमेकांना एक शब्द विचारला नव्हता.

मग मामा म्हणाले, "हाय का एकादा शिल्लक?"

"हाय की. ट्रंकंतनं इथं बी आनलाय."

"मग दे. अजून ऊन हाय."

"आता कशाला?" आत्ती म्हणाल्या. "आता घाम कुटं येतोय तुमाला?"